हातात येण्याआधी

बुटांच्या त्या कारखान्यात पगाराची वही सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. उशिरा आलं की कापणार, उचल घेतली की कापणार, चांगलं चामडं वाकडं कापून वाया घालवलं की त्याचेही पैसे कापणार. त्याला राग यायचा नाही. घरी जाऊन तो बायकोला सांगायचा, "आज मला पॅकिंगवाल्यानं कात्री म्हटलं."

ती म्हणायची, "खरी कात्री कोण, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक!"

कारण त्या घरात खरी कात्री तीच होती. पगाराचं पाकीट बंदच घरी आणायचं, असा तिचा दंडक होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती ते उघडायची. आधी मुलाच्या शाळेचे, मग घरभाड्याचे, मग अडीअडचणीचे पैसे काढून घ्यायची आणि उरलेले नवऱ्यापुढे सरकवायची. "हातात येण्याआधीच बाजूला काढले की गेल्यासारखे वाटत नाहीत," असं तिचं म्हणणं. त्याला तर दर महिन्याला गेल्यासारखे वाटायचे. पण हे तो कधी बोलला नाही, आणि तीस वर्षांत घरभाडं एकदाही थकलं नाही.

ती जाऊन आता पाच महिने झाले होते. ती गेल्यावरच्या पहिल्या पगाराला तो सवयीनं बंद पाकीट घरी घेऊन आला, टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिला. दोन दिवस पाकीट तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार वाजवलं, म्हणून उघडावं लागलं.

तर एका सोमवारी कारखान्यात कोर्टाचा लखोटा आला. असे लखोटे वर्षाला दोन-तीन यायचेच. कुणी बायकोपोरांपासून वेगळा झालेला असायचा, पोटगी थकलेली असायची, मग कोर्ट थेट कारखान्यालाच कळवायचं, की या माणसाचा पगार त्याच्या हातात पडण्याआधी इतका इतका कापा आणि आमच्याकडे भरा, आम्ही तो मुलांच्या आईला पोचवतो. म्हाताऱ्याला हे काम पाठ होतं. त्यानं पट्टी घेतली, वहीत नव्या रकान्याची रेघ मारली, रकान्याच्या डोक्यावर 'पोटगी' असं लिहिलं आणि मग कागदावरचं नाव वाचलं.

नाव त्याच्या मुलाचं होतं.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आईच्या नावापुढे त्याच्या सुनेचं नाव होतं. मुलीच्या नावापुढे त्याच्या नातीचं. तिचं ते शाळेतलं लांबलचक नाव त्याला एकदम परकं वाटलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नाही. पगाराचा तिसरा हिस्सा दर महिन्याला कापायचा होता. शिवाय मधल्या चार महिन्यांची थकबाकी होती, तीही थोडी थोडी कापायची होती. आणि नुसता पगार नाही, तर ओव्हरटाइम, बोनस, न घेतलेल्या रजेचे पैसे, नोकरी सुटली तर मिळणारी रक्कम, बाहेरचं दुसरं कुठलंही उत्पन्न. कागदानं काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

तो कागद घेऊन मॅनेजरबाईंकडे गेला.

"बाई, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बाईंनी वाचलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. "दुसरं कोण आहे इथं? मी? मी बेरीज केली तर पोराला महिनाअखेर उलटे पैसे भरावे लागतील."

"माझाच मुलगा आहे हो."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगते. येत्या पगारापासून कापायला सुरुवात नाही केली, तर तेवढे पैसे कारखान्याला भरावे लागतील. आणि या कागदावरून त्याला कुणी कामावरून काढायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, हेही त्यातच लिहिलंय." मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "घरचा म्हणून कमी कापू नका. आणि घरचा म्हणून जास्तही कापू नका. मला त्या जास्त कापण्याचीच अधिक भीती वाटते."

मुलगा खालच्या मजल्यावर काम करायचा. लाकडी साच्यावर चामडं ताणून बसवायचं आणि बारीक खिळ्यांनी ठोकायचं, हे त्याचं काम. हात मोकळे राहावेत म्हणून हे कारागीर खिळे तोंडात धरतात आणि जिभेनं एकेक पुढे करतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर थांबावं लागतं. त्याच्या खिशातही कायम दहा-वीस खिळे असायचे. आई कपडे धुताना त्याच्या नावानं ओरडायची, "अरे, एक दिवस तुझ्या विजारीनंच मला टोचून मारशील!"

जेवणाच्या सुट्टीत म्हातारा त्याच्यासमोर उभा राहिला आणि कागद पुढे केला. मुलानं तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि वाचलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरून साखर खाताना सापडला की व्हायचे, तसेच.

"म्हणजे आता तुम्ही कापणार माझा पगार."

"मी नाही कापत. कोर्ट कापतं. मी रेघ मारतो."

"बाबा, मी पैसे देत नव्हतो का? दर महिन्याला स्वतः पाकीट घेऊन जात होतो तिच्या दारात. आता सगळ्या कारखान्याला कळणार, की याच्याकडून मुलीचे पैसे कान धरून काढावे लागतात."

"कुणाला कळत नाही. वही माझ्याकडे असते."

"मला कळतं ना!" त्यानं कागद परत दिला. "कालव्यापलीकडे तो ठेकेदार आहे. मला केव्हाचा बोलावतोय. आठवड्याला रोख पैसे देतो. तिथं वही नाही, पावती नाही. कापणार कोण आणि कशातून?"

"अरे, हा कागद तुझ्यामागे तिकडेही येईल."

"येऊ दे. ठेकेदाराला तर तो स्वतःही सापडत नाही. पगाराच्या दिवशी त्याला उत्तर द्यायचंय मला."

"आणि भिंगरी?"

"तिला मी देईन. माझ्या हातानं देईन, जमतील तसे."

"जमतील तसे?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "चार महिने जमले नाहीत, ते कुठल्या महिन्यांत?"

मुलानं बापाकडे पाहिलं. मग त्यानं तळहातावरचे खिळे एक एक करून तोंडात घातले आणि हातोडी उचलली.

म्हातारा जिना चढून परत आपल्या जागेवर आला. पोरगा गेला, तर ठेकेदाराकडे आज आहे आणि उद्या नाही, असं त्याचं होणार. मग तो नातीच्या दाराकडे फिरकायचाही नाही. दोन वर्षांपूर्वी नवराबायको वेगळी झाली आणि मुलगा आईबापाकडे परत राहायला आला. भांडण कशावरून झालं, हे त्या दोघांनाही आता धड सांगता आलं नसतं. पण नात महिन्यातून एकदा तरी दिसायची, कधी बापाबरोबर घरी यायची, टेबलाखाली बसून आजीच्या पायांच्या बोटांना नावं द्यायची. ते सगळं केव्हा थांबलं, ते म्हाताऱ्याला नीट आठवेना.

त्यानं कागद पुन्हा उघडला. थकलेल्या महिन्यांची नावं खाली लिहिली होती. त्यानं जुनी वही काढली आणि त्या महिन्यांची पानं उघडली.

तेच चार महिने होते. तिच्या आजारपणाचे.

त्या चार महिन्यांत औषधांनी घर धुऊन नेलं होतं. बाजूला काढलेलं सगळं पहिल्याच महिन्यात संपलं. मग मुलगा दर महिन्याला नोटा आणून टेबलावर ठेवायचा. म्हातारा विचारायचा, "कुठून आणलेस?" मुलगा म्हणायचा, "ओव्हरटाइम केला." म्हातारा म्हणायचा, "बरं."

वहीत मुलाच्या नावापुढे ओव्हरटाइमचा रकाना होता. चारही महिने तिथं शून्य होतं. गोल, नीट, एकसारखं शून्य. त्याच्या स्वतःच्या अक्षरातलं.

उभ्या कारखान्यात कोण किती मिनिटं उशिरा आला, हे त्याला तोंडपाठ असायचं. स्वतःच्या मुलानं एक तासही जास्त काम केलेलं नाही, हे त्याला माहीत नव्हतं? सकाळी त्यानं ते शून्य लिहिलं होतं आणि संध्याकाळी "बरं" म्हटलं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर ते पैसे घेता आले नसते. म्हणून त्यानं विचारलं नव्हतं.

तो बराच वेळ वहीवर हात ठेवून बसला. पॅकिंगवाला काहीतरी विचारायला आला, आणि न विचारताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी रजा टाकून तो सुनेकडे गेला. ती एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, वेळा द्यायची, फोन घ्यायची. बाकावर तीन माणसं गाल धरून बसली होती.

"बाबा? दात दुखतोय?"

"नाही," म्हातारा म्हणाला. मग बाकावरच्या लोकांकडे पाहून म्हणाला, "हो. म्हणजे, तसा दुखतोच."

ती हसली. सासू गेली त्या दिवशी भेटली होती, त्यानंतर आज. वाळली होती जरा. "बसा. डॉक्टर आत आहेत, त्यांना वेळ लागेल. कागद मिळाला ना तुम्हाला? तुमच्याच टेबलावर येणार, हे माहीत होतं मला. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण दुसरा रस्ता नव्हता, बाबा."

"तुझं काही चुकलं नाही. मी ते सांगायला आलो नाही." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते चार महिने. त्यानं ते पैसे उडवले नाहीत. तुझ्या सासूच्या औषधांना दिले. त्यानं सांगितलं नाही, आणि मला सांगायची गरज नव्हती, मला दिसत होतं. मी बघितलं नाही. तेव्हा थकबाकी त्याची नाही. माझी आहे."

फोन वाजला. तिनं तो उचलला, एका बाईला गुरुवारी साडेचारची वेळ दिली, ती वहीत लिहिली आणि फोन ठेवला. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"मी फोन करायचे त्यांना," ती म्हणाली. "दर वेळी म्हणायच्या, मी ठणठणीत आहे, तू पोरीला दूध देतेस ना वेळेवर? मला कळलं असतं तर मी उलट पाठवले असते पैसे."

"म्हणून तर तिनं कळू दिलं नाही."

बाकावरचा एक माणूस गाल धरूनच म्हणाला, "बाई, माझा नंबर?"

"तुमचं अजून सुजायचंय, थांबा," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हाताऱ्याकडे वळली. "बाबा, आता माझं ऐका. मी पैशांसाठी कोर्टात गेले नाही. म्हणजे पैसे लागतातच, पोरीचे पाय दर तीन महिन्यांनी वाढतात. पण त्या चार महिन्यांत तो एकदाही आला नाही. भिंगरी रविवारी खिडकीत बसायची. मग पैसे परत सुरू झाले, तर काय करायचा, पाकीट खालच्या शेजारणीकडे ठेवून पळून जायचा. एकदा मी गॅलरीतून हाक मारली, तर हा पळाला! एवढा मोठा बाप्या, रस्त्यानं धावतोय. पोरगी मला विचारते, बाबा माझ्यावर रागावलाय का?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरची टोपी उलटी केली.

"पाकिटाच्या मागे लपतो तो. पाकीट असलं की ठेवून पळतो, नसलं की फिरकत नाही. म्हणून म्हटलं, हे पाकीटच मधून काढून टाकावं. पैसे परस्पर येऊ देत. मग त्याच्याकडे यायला किंवा न यायला काही कारणच उरणार नाही, पोरीशिवाय."

म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "तुझी सासू असंच काहीतरी बोलली असती."

"त्यांच्याकडूनच शिकले. पगाराच्या दिवशी टेबलाशी कोण बसायचं, ते मी चार वर्षं बघितलंय." ती उठली. "आणि ती थकबाकी राहू द्या. मी लिहून देते कोर्टाला, की मिळाली."

"नाही. तिला उधारी आवडायची नाही. तुझ्या नावावर तर नाहीच नाही."

त्या दुपारी मॅनेजरबाईंच्या टेबलावर एक अर्ज आला. बाईंनी तो वाचला, खालची सही पाहिली आणि खुर्चीतून उठल्याच.

"उचल? तुम्ही? गेल्या वर्षी मी कपाटासाठी उचल मागितली, तर मला अर्धा तास काटकसर शिकवली होती तुम्ही!"

"शिकवली होती."

"आणि मी कपाट घेतलं नाही!"

"आता घ्या," म्हातारा म्हणाला. "माझी दर महिन्याला कापा. निवृत्तीला अजून अकरा महिने आहेत, फिटेल."

बाईंनी सही केली. "कात्रीचीच कापायची, असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं," असं त्या पुटपुटल्या. त्यांनी तोंडावर कात्री म्हणण्याची ही पहिलीच वेळ, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तो कोर्टाच्या खिडकीवर गेला, चार महिन्यांचे पैसे भरले, पावती घेतली आणि ती त्या कागदाला टाचून ठेवली.

पगाराच्या दिवशी त्यानं सगळ्यांची पाकिटं वाटली. मुलाचं पाकीट मात्र घरी, टेबलावर, बायको ठेवायची त्या जागी ठेवलं. मुलगा हातपाय धुऊन आला. आजचा दिवस ठेकेदाराला उत्तर द्यायचा होता, आणि त्यानं जायचे बूट घालूनच ठेवले होते.

"उघड," म्हातारा म्हणाला.

मुलानं चिठ्ठी वाचली. तिसरा हिस्सा कापला होता. एक दमडी कमी नाही, एक दमडी जास्त नाही. थकबाकीच्या ओळीत रेघ होती.

"हे काय? थकबाकी कुठं गेली?"

"फिटली."

"कुणी फेडली?"

"जिच्या औषधाला लागली, तिच्या नवऱ्यानं."

मुलगा खुर्चीत बसला. कान पुन्हा लाल झाले. "तुम्हाला माहीत होतं?"

"शून्य मीच लिहिलं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारून उपयोग नाही, म्हणून विचारत नाही." म्हाताऱ्यानं चिठ्ठी आपल्याकडे ओढली. "तुझी आई तीस वर्षं माझा पगार कापत होती. याच टेबलावर. मला कधी अपमान वाटला नाही. वाटलं ते एवढंच, की पोराची फी भरलीय, आता मी घरात हक्कानं पाय पसरून बसू शकतो. तुझी फी आता भरलीय. या महिन्याची भरली, पुढच्या महिन्याची आपोआप भरेल. तू आजारी पडलास, विसरलास, रुसलास, तरी भरेल. ठेकेदाराकडे गेलास तर तेवढं मात्र जाईल."

मुलानं चिठ्ठी परत स्वतःकडे ओढली.

"म्हणजे रविवारी मी तिच्या दारात जायचं, ते काय घेऊन? रिकाम्या हातानं?"

"हो."

"आणि काय सांगू?"

"ते मला काय माहीत? मी कारकून आहे."

मुलाला हसू आलं, आणि हसताना त्याचे डोळे भरले. त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग चहाचं आधण ठेवलं. चहा नेहमीसारखाच वाईट झाला, आणि दोघांनी तो नेहमीसारखाच पूर्ण प्यायला.

रविवारी सकाळी दोघंही गेले. तीन मजले चढायचे होते. दुसऱ्या मजल्यावर म्हातारा पायरीवर बसला आणि म्हणाला, "तू हो पुढे, माझे गुडघे येतात मागून." त्याच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

वरून त्याला बेल ऐकू आली. दार उघडलं. कठड्यामधून मुलाचे पाय दिसत होते, आणि लोंबकळणारे दोन हात. त्या हातांचं काय करावं, ते त्याला समजत नव्हतं. खिशात घातले, काढले, मागे बांधले, पुन्हा सोडले.

"काय आणलंस?" भिंगरीचा आवाज.

"काही नाही गं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती त्याच्या एका बाजूनं फिरून दुसऱ्या बाजूला गेली. दोन्ही हात तपासले. "मग बरं झालं," ती म्हणाली. "थांब हं!" ती आत पळाली आणि एक बूट घेऊन आली. पुढचा तळ सुटून जीभ काढल्यासारखा लोंबत होता. "आई म्हणते नवे घेऊ. मला हेच पाहिजेत."

मुलगा उंबऱ्यावरच बसला. बूट उलटा करून मांडीवर घेतला, अंगठ्यानं तळ दाबून पाहिला. हात लगेच शहाणे झाले. सून आतून छोटी हातोडी घेऊन आली आणि त्याच्याजवळ ठेवली. मग तिनं जिन्यात डोकावून पाहिलं. "बाबा, गुडघे विश्रांती घेऊन झाले असतील तर वर या. चहा टाकलाय. चांगला करते मी."

म्हातारा वर आला आणि भिंतीशी टेकून उभा राहिला. मुलानं सवयीनं खिशातून खिळे काढून तोंडात धरले होते आणि पहिला ठोकत होता. भिंगरी त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू इतके दिवस का नाही आलास?"

हातोडी थांबली. सून दारातच उभी राहिली.

मुलानं बूट बाजूला ठेवला. तोंडातले खिळे एक एक करून काढले, ते मुलीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ हलकेच मिटवली, आणि तो सांगायला लागला.